कबिल्याचा हक्क अबाधित ठेवून

१९५७ साली मोरोक्कोतील सेबू नदीच्या काठी, बनासा या जुन्या रोमन वसाहतीच्या अवशेषांत, काशाचा एक कोरीव पत्रा सापडला. त्यावर लॅटिन भाषेत पन्नासहून अधिक ओळी आहेत. त्यांचे वाचन १९७१ साली प्रसिद्ध झाले आणि रोमन साम्राज्याच्या अभ्यासकांमध्ये मोठी खळबळ उडाली. वास्तविक या पत्र्यावर कोणत्या लढाईचे वर्णन नाही, कोणत्या बादशहाची स्तुती नाही. एका डोंगरी कबिल्याचा सरदार, त्याची बायको आणि त्यांची चार मुले यांच्या नागरिकत्वाचा हा दस्तऐवज आहे. बायकोचे नाव फाग्गुरा, वय २२. मुलगी युलियाना वय ८, दुसरी माक्सिमा वय ४, मुलगा युलियानुस वय ३ आणि धाकटा दिओगेनियानुस वय २. आणि या नोंदीत तीन शब्द असे आहेत की ज्यांच्यावर आजवर पुष्कळ वाद झाले : ‘साल्वो युरे गेंतिस’. म्हणजे, कबिल्याचा हक्क अबाधित ठेवून.

रोमचा इतिहास आपण शाळेत शिकतो तो सीझरचा, सिनेटचा आणि फौजांचा. सपाट मुलखात फौज जिंकते, रस्ते बांधते, शेतसारा वसूल करते. पण जिथे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला चार दिवस लागतात, जिथे कळप घेऊन माणसे उन्हाळ्यात वर आणि हिवाळ्यात खाली उतरतात, तिथे राज्य कसे करायचे? हा प्रश्न रोमला उत्तर आफ्रिकेच्या डोंगरांनी चारशे वर्षे विचारला. त्याचे उत्तर कधी शहाणपणाने दिले गेले, कधी मूर्खपणाने. दोन्ही उत्तरे दगडावर, काशावर आणि ग्रंथांत शिल्लक आहेत. ती वाचण्यासारखी आहेत.

डोंगर आणि सुभा

आजच्या मोरोक्को आणि अल्जीरियाच्या या भागाला रोमन लोक मॉरेटानिया म्हणत आणि इथल्या लोकांना ‘मॉरी’. पुढे युरोपने मुसलमानांसाठी वापरलेला ‘मूर’ हा शब्द याच नावातून आला. हे लोक म्हणजे आपण ज्यांना बर्बर म्हणून ओळखतो ते. ते स्वतःला अमाझिग म्हणतात. ऑगस्टसच्या काळात इथे दुसरा युबा नावाचा राजा होता. लहानपणी त्याला सीझरच्या विजययात्रेत कैदी म्हणून मिरवले गेले होते. मोठा झाल्यावर रोमनेच त्याला गादीवर बसवले. त्याची राणी क्लिओपात्रा सेलेने ही इजिप्तच्या प्रसिद्ध क्लिओपात्राची मुलगी. युबा विद्वान होता, ग्रंथकार होता. त्याच्यामागून मुलगा टॉलेमी गादीवर आला. इ.स. ४० मध्ये सम्राट कालिगुलाने त्याला ठार करवले आणि मुलूख आपल्या ताब्यात घेतला.

त्याबरोबर बंड पेटले. टॉलेमीच्या मर्जीतला एदेमोन हा त्याचा पुढारी होता. या धामधुमीत सुएतोनियुस पौलिनुस हा सेनापती ॲटलास पर्वत ओलांडून पलीकडे गेला. असे करणारा तो पहिला रोमन. बंड शमल्यावर सम्राट क्लॉडियसने मुलखाचे दोन सुभे केले : पूर्वेला मॉरेटानिया कैसारिएन्सिस आणि पश्चिमेला मॉरेटानिया तिंगिताना. तिंगितानाची राजधानी तिंगिस, म्हणजे आजचे टँजियर.

नकाशावर पाहिले तर तिंगिताना हा एक त्रिकोण आहे. उत्तरेला तिंगिस, समुद्राकाठी साला (आजच्या रबातजवळ) आणि आत डोंगराच्या पायथ्याशी वोलुबिलिस. उत्तरेकडे रिफचे डोंगर, दक्षिण-पूर्वेकडे मधला ॲटलास. त्रिकोणाच्या आत गहू, ऑलिव्ह, नद्या, बाहेर कबिले. दोन सुभ्यांना जोडणारी ताझाची खिंड होती, पण त्या बाजूला डोंगरी कबिल्यांचा वावर होता. इथे रोमने आपली मोठी फौज, म्हणजे लीजन, ठेवली नाही. साहाय्यक पलटणींवर काम भागवले. त्यांतली एक घोडदळाची पलटण सीरियन नावाची होती. सुभेदारही सिनेटच्या वर्गातला नसे, दुसऱ्या दर्जाच्या सरदार वर्गातला प्रोक्युरेटर असे. एवढ्या थोड्या ताकदीवर एवढा मुलूख सांभाळायचा तर समोरच्याशी बोलावे लागणार, हे उघड होते.

बिराचा नवरा

वोलुबिलिसमध्ये सापडलेला एक शिलालेख या बोलण्याची सुरुवात दाखवतो. मार्कुस वालेरियुस सेवेरुस हा या गावचा पुढारी. नाव अस्सल रोमन, पण बापाचे नाव बोस्तार; हे कार्थेजकडचे, प्युनिक नाव. तो गावचा ‘सुफेत’ होता, आणि हे पदही प्युनिकच. एदेमोनच्या बंडात त्याने साहाय्यक तुकडीचे नेतृत्व करून रोमची बाजू घेतली. नंतर गावाचा वकील होऊन तो क्लॉडियसकडे गेला आणि मागण्या मान्य करून घेऊन आला. त्या मागण्या पाहा : गावाला रोमन नागरिकत्व; नागरिक नसलेल्या बायकांशी झालेल्या लग्नांना कायदेशीर मान्यता; १० वर्षे करमाफी; आणि युद्धात मेलेल्या बेवारस नागरिकांची मालमत्ता गावाकडे.

यातली दुसरी मागणी सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. रोमन कायद्यात नागरिकाचे लग्न नागरिक नसलेल्या स्त्रीशी झाले तर ते पूर्ण कायदेशीर ठरत नसे आणि मुले बापाचे नागरिकत्व मिळवत नसत. म्हणजे पुरुषाला सनद मिळाली आणि घर मात्र बाहेर राहिले, असे झाले असते. सेवेरुसने हे ओळखले. त्याच्या बायकोचे नाव फाबिया बिरा, इझेल्ताची मुलगी. बाप आणि लेक दोघांची नावे स्थानिक. गावाने सेवेरुसचा पुतळा उभारायचे ठरवले तेव्हा बिराने तो मान स्वीकारला, पण गावाचा खर्च नाकारला आणि स्वतःच्या पैशाने पुतळा उभा केला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका अमाझिग स्त्रीचा हा स्वाभिमान शिलालेखात कोरलेला आहे.

हे गाव पुढे भरभराटीला आले. ऑलिव्हचे तेल काढणारे पन्नासहून अधिक घाणे तिथे सापडले आहेत. लॅटिनबरोबर प्युनिक आणि लिबियन लिपीतले लेख मिळाले, पाल्मिरातून आलेल्या माणसांचे लेख मिळाले, आणि एका रब्बी यहूदाची मुलगी मात्रोना हिच्या कबरीवरचा हिब्रू लेखही मिळाला. डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात इतक्या भाषा नांदत होत्या.

वेद्यांवरची बोलणी

गाव रोमन झाले, तरी गावामागचा डोंगर रोमन झाला नव्हता. साला गावच्या इ.स. १४४ च्या ठरावात लष्करी अधिकारी सुल्पिकियुस फेलिक्स याचे आभार मानले आहेत. कशासाठी? गुरे पळवण्याचे प्रकार थांबवले, थोड्या खर्चात गावकूस बांधले, शेतात आणि जंगलात कामाला जाणाऱ्यांना पहारा दिला, यासाठी. सीमेवरचे रोजचे जगणे या ओळींत आहे. सम्राट कोण, यापेक्षा लाकडे आणायला गेलेला माणूस संध्याकाळी परत येईल की नाही, हा तिथला प्रश्न होता.

या प्रश्नावरचा खरा उपाय वोलुबिलिसमध्येच सापडतो. तिथे दगडी वेद्यांची एक मालिका मिळाली आहे. दुसऱ्या शतकापासून इ.स. २८० पर्यंतच्या या वेद्यांवर बहुधा एकच विषय आहे : रोमचा सुभेदार आणि बाकुआतेस कबिल्याचा प्रमुख यांची भेट झाली, बोलणी झाली आणि शांतता पक्की झाली. लॅटिनमध्ये यासाठी ‘कोलोक्वियुम’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ तह किंवा शरणागती असा नाही. त्याचा अर्थ साधा आहे : संभाषण.

एखादा करार एकदा झाला की तो कायमचा, अशी समजूत इथे दिसत नाही. सुभेदार बदलला, पुन्हा भेट. कबिल्याचा प्रमुख वारला, त्याच्या वारसाशी पुन्हा भेट. २४ ऑक्टोबर २७७ रोजी युलियुस नुफ्फुझीशी बोलणी झाली. त्याच्यामागून त्याचा भाऊ युलियुस मिर्झी आला, तर १३ एप्रिल २८० रोजी त्याच्याशी झाली. त्या लेखात दीर्घकाळ टिकलेल्या शांततेचा मुद्दाम उल्लेख आहे. टेकून बसून उपदेश करणाऱ्या राज्यापेक्षा, दर वेळी उठून भेटीला जाणारे राज्य डोंगरात अधिक काळ टिकते, असे या वेद्या सांगतात.

या शांततेची किंमतही होती. खुद्द रोममध्ये एक कबरीचा दगड सापडला आहे. त्यावर नाव आहे मेमोर. बाकुआतेस कबिल्याचा प्रमुख ऑरेलियुस कनार्ता याचा मुलगा, वय १६. सरदारांच्या मुलांना रोमला नेऊन ठेवायची पद्धत होती. शिक्षणासाठी म्हणा, पाहुणा म्हणून म्हणा, ओलीस म्हणून म्हणा. तिन्ही शब्द खरे आहेत. ॲटलासच्या पायथ्याशी वाढलेले एक पोर इतक्या दूर टायबरच्या काठी मेले. बाप तिकडे वेदीवर शांततेची कलमे कोरून घेत होता.

बनासाचा दस्तऐवज

आता पुन्हा त्या काशाच्या पत्र्याकडे येऊ. काळ सम्राट मार्कुस ऑरेलियसचा. तत्त्वचिंतक म्हणून ज्याची जगभर ख्याती आहे, तोच हा. त्याच्या कारकिर्दीत मॉरी लोकांच्या टोळ्या समुद्र ओलांडून स्पेनच्या दक्षिण भागात शिरल्या होत्या. तिंगितानाचा सुभेदार वालियुस माक्सिमियानुस याने सिंगिलिया बार्बा या स्पॅनिश गावाचा वेढा उठवला आणि त्या गावाने त्याचा लेख कोरला. अशा दिवसांत कोणता कबिला आपल्या बाजूला आहे, हे रोमला फार महत्त्वाचे होते.

पत्र्यावर तीन कागद एकाखाली एक कोरले आहेत. पहिले पत्र इ.स. १६८-१६९ च्या सुमाराचे. झेग्रेन्सेस कबिल्यातल्या युलियानुसने नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. सम्राट सुभेदाराला कळवतो की कबिल्यातल्या लोकांना नागरिकत्व देण्याची सहसा रीत नाही, फार मोठी सेवा असेल तरच देतात. पण हा माणूस आपल्या लोकांतला अग्रगण्य आहे, निष्ठावान आहे असे तुम्ही लिहिता, आणि इतरांनीही त्याचा कित्ता गिरवावा अशी आमची इच्छा आहे. म्हणून त्याला, त्याची बायको झिद्दिना हिला आणि चार मुलांना नागरिकत्व देतो. दयाबुद्धी आणि हिशेब दोन्ही या पत्रात शेजारी शेजारी बसले आहेत.

दुसरे पत्र काही वर्षांनंतरचे. आता अर्जदार ऑरेलियुस युलियानुस, झेग्रेन्सेसचा प्रमुख. बहुधा पहिल्याचाच मुलगा. तो स्वतः नागरिक आहे, पण बायको फाग्गुरा नाही. जी अडचण बिराच्या नवऱ्याने ओळखली होती, तीच इथे आहे. सम्राट मान्यता देतो आणि सुभेदाराला आणखी एक काम सांगतो : प्रत्येकाचे वय काय ते चौकशी करून आम्हाला लिहा, म्हणजे आमच्या नोंदवहीत चढवता येईल.

तिसरा कागद म्हणजे त्या नोंदवहीचा उतारा, तारीख ६ जुलै १७७. ही नोंदवही ऑगस्टसपासूनच्या सम्राटांनी ज्यांना नागरिकत्व दिले त्यांची. उतारा खरा आहे याला साक्षीदार म्हणून १२ जणांची नावे आहेत. सम्राटाच्या सल्लागार मंडळातली ही माणसे. त्यांत केर्विदियुस स्काएवोला हा मोठा कायदेपंडितही आहे. दोन वर्षांच्या दिओगेनियानुसच्या नावापुढे साम्राज्यातल्या इतक्या बड्या मंडळींची साक्ष पडली.

आणि हीच ती अट : कबिल्याचा हक्क अबाधित ठेवून, तसेच जनतेचे आणि खजिन्याचे कर, जकाती यांत काहीही कमी न करता. दुसरा भाग सरळ आहे. नागरिक झालास म्हणून कर चुकणार नाही. पहिल्या भागाच्या अर्थावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात, कबिल्याची त्या माणसावरची जबाबदारी कायम राहिली. कोणी म्हणतात, त्याचे कबिल्यातले स्थान आणि तिथला रूढ कायदा कायम राहिला. पण दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. रोमचा नागरिक होण्यासाठी युलियानुसला झेग्रेन्सेस असणे सोडावे लागले नाही. तो सम्राटाच्या नोंदवहीत नागरिक होता आणि डोंगरात आपल्या माणसांचा प्रमुख होता, आणि साम्राज्याने ही दोन्ही नाती एकाच वाक्यात लिहून ठेवली. माणसाची एक ओळख पुसल्याशिवाय दुसरी बहाल करता येत नाही, असे मानणाऱ्यांनी हे वाक्य जरूर वाचावे.

मात्र भाबडेपणाही नको. ही सवलत प्रमुखाच्या घरापुरती होती. त्याच कबिल्यातल्या मेंढपाळाचे नाव त्या नोंदवहीत नाही. सरदार आपलासा करा, कबिला आपोआप शांत राहील, हा हिशेब त्यामागे होता. सर्वसाधारण स्वतंत्र माणसाला नागरिकत्व मिळाले ते इ.स. २१२ मध्ये, सम्राट काराकालाच्या फर्मानाने. पण वरचे तीन कागद आणि काराकालाचे फर्मान यांत फरक आहे. फर्मान एका झटक्यात सर्वांना मिळते. कागदासाठी अर्ज करावा लागतो, शिफारस लागते, वय सिद्ध करावे लागते. म्हणूनच तो कागद ज्याला मिळाला, त्याचे घराणे तो काशावर कोरण्याइतका मोलाचा मानते.

पाणी, जकात आणि सिंह

राज्यकारभार म्हणजे केवळ नागरिकत्व नव्हे. थोडे पूर्वेकडे, आजच्या अल्जीरियात गेलो तर डोंगरातले रोजचे राज्य आणखी जवळून दिसते.

साल्दाए, म्हणजे आजचे बिजाया, हे समुद्राकाठचे गाव. त्याला पाणी आणण्यासाठी डोंगर फोडून बोगदा काढायचा होता. नोनियुस दातुस हा लष्करातला मोजणीदार. त्याने आखणी करून दिली आणि तो गेला. मजुरांच्या दोन टोळ्या दोन्ही टोकांनी खणू लागल्या. पुढे सुभेदाराने त्याला पुन्हा बोलावले. वाटेत दरोडेखोरांनी त्याला लुटले. अंगावरच्या कपड्यांनिशीही सोडले नाही, जखमी अवस्थेत तो जीव वाचवून निसटला. पोचला तर काम बंद पडण्याच्या बेतात. दोन्ही टोळ्या आपापल्या उजव्या हाताला भरकटल्या होत्या आणि खणलेली लांबी डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झाली होती! त्याने दोन्ही बोगदे जोडून दिले आणि पाणी वाहू लागले. ही सारी हकीकत त्याने स्वतःच्या तोंडून सांगितल्यासारखी दगडावर कोरून ठेवली, आणि वर तीन शब्द लिहिले : सबुरी, हिंमत, आशा. डोंगरी मुलखातल्या कोणत्याही इंजिनिअरला हे शब्द आजही पटतील.

ओरेस डोंगराच्या बाजूला लामास्बा या गावी एक लेख सापडला. इ.स. २१८ ते २२२ या काळातला हा लेख पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांचा आहे. कोणत्या शेतकऱ्याच्या शेताला किती तास पाणी, याची नावानिशी यादी. अर्ध्या तासाचाही हिशेब ठेवला आहे. पाण्यावरून भांडणे होणार हे गृहीत धरून गावाने ती आधीच दगडावर मिटवली.

झाराई येथला इ.स. २०२ चा लेख जकातीचा. तिथली पलटण निघून गेली आणि मग जकातीचे नवे दर लावले गेले. त्यात गुलामामागे दीड देनारियुस आणि घोड्यामागेही दीड देनारियुस. बाजारात आणलेल्या गुरांना सूट होती. एका ओळीत माणूस, पुढच्या ओळीत घोडा, आणि दोघांचा दर एक. नागरिकत्वाच्या देखण्या दस्तऐवजाशेजारी हा दगड ठेवला म्हणजे त्या राज्याचे पूर्ण चित्र डोळ्यांसमोर येते.

बनासामध्येच काराकालाचे इ.स. २१६ चे एक फर्मानही मिळाले आहे. सुभ्याची धान्याची आणि पैशाची सगळी थकबाकी त्याने माफ केली. मोबदल्यात त्याची अपेक्षा होती ती निष्ठेची आणि इथल्या जंगलांतल्या ‘स्वर्गीय प्राण्यां’ची. हे प्राणी म्हणजे सिंह किंवा हत्ती असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वोलुबिलिसच्या लोकांनी उपकाराची फेड म्हणून सम्राटाच्या नावे मोठी कमान बांधली. ती आजही उभी आहे. कमान पुरी होईपर्यंत सम्राटाचा खून झाला होता, ही गोष्ट वेगळी.

दडपलेला अर्ज

आतापर्यंत शहाणपणाची उदाहरणे पाहिली. आता मूर्खपणाचे एक. इ.स. ३७० नंतरच्या काळातली ही हकीकत अम्मियानुस मार्केलिनुस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे.

कैसारिएन्सिसच्या डोंगरात नुबेल नावाचा बलाढ्य सरदार होता. तो वारल्यावर मुलांत तंटा झाला. झाम्माक हा मुलगा आफ्रिकेचा रोमन सेनाधिकारी रोमानुस याच्या मर्जीतला. दुसरा मुलगा फिर्मस याने त्याला ठार केले. रोमानुसने सम्राटाकडे फिर्मसविरुद्ध अहवालांवर अहवाल पाठवले. फिर्मसनेही आपली बाजू मांडणारे कागद पाठवले. पण दरबारातला मोठा अधिकारी रेमिगियुस हा रोमानुसचा नातलग होता. त्याने फिर्मसचे कागद सम्राटापुढे जाऊच दिले नाहीत. सम्राट फार कामात आहेत, योग्य वेळी दाखवू, असे सांगत राहिला. आपली बाजू ऐकूनच घेतली जाणार नाही आणि गुन्हेगार म्हणून मरण येणार, हे दिसल्यावर फिर्मसने बंड केले.

ते शमवायला थिओडोसियुस या सेनापतीला मोठी फौज घेऊन यावे लागले. वर्षानुवर्षे डोंगरांत लढाया झाल्या. माणसे जिवंत जाळली गेली, हात तोडले गेले. फिर्मसची बहीण किरिया हिने आपली संपत्ती ओतून कबिले उठवले. शेवटी एका कबिल्याच्या प्रमुखाने फिर्मसला पकडून द्यायचे ठरवले तेव्हा त्याने गळफास घेतला, आणि त्याचे प्रेत उंटावरून छावणीत आणले गेले. थिओडोसियुसने रोमानुसलाही अटक केली. त्याच्या दप्तराची झडती घेतली तेव्हा त्याच्या जुन्या लबाड्या उघड करणारे पत्र सापडले. सत्य दप्तरातच होते. ते वाचायला एवढे रक्त सांडावे लागले. खुद्द थिओडोसियुसचाही इ.स. ३७६ मध्ये कार्थेजमध्ये शिरच्छेद झाला.

बनासाचा युलियानुस आणि हा फिर्मस यांच्यात दोनशे वर्षांचे अंतर आहे. दोघेही डोंगरी सरदारांच्या घरचे, दोघांनीही सम्राटाकडे अर्ज केला. एकाचा अर्ज शिफारशीसह वर गेला, त्याला उत्तर आले. दुसऱ्याचा मधल्याच टेबलावर अडकला. इतिहासकार बंडाची कारणे दुष्काळात, करांत, धर्मपंथांत शोधतात, तीही असतात. पण न वाचलेला अर्ज हेही एक कारण असते.

रोम गेल्यानंतर

इ.स. २८५ च्या सुमारास रोमचे सरकार वोलुबिलिस सोडून गेले. सुभेदार गेले, पलटणी गेल्या. गाव मात्र राहिले, आणि गावाने एक सवय जपली. ते सुभ्याच्या जुन्या शकाप्रमाणे वर्षे मोजत राहिले. टॉलेमीच्या खुनानंतर सुरू झालेला हा शक. कबरीवरच्या शेवटच्या लॅटिन लेखातले वर्ष इ.स. ६५५ येते. सरकार गेल्यावर पावणेचारशे वर्षे लोक त्याचे पंचांग चालवत होते. इकडे आल्तावा येथे इ.स. ५०८ मध्ये मासुना नावाचा राजा स्वतःला ‘मॉरी आणि रोमन लोकांचा राजा’ म्हणवतो. ओरेस डोंगरात मास्तिएस नावाचा सरदार ६७ वर्षे नायक होता आणि त्याच्या लेखात अभिमानाने नोंदवले आहे की त्याने ना रोमनांशी विश्वासघात केला, ना मॉरींशी. दोन्ही नावे एका दमात घेणारी ही माणसे ‘साल्वो युरे गेंतिस’ या वाक्याचीच वारस म्हटली पाहिजेत.

या गावाचा पुढचा अध्याय आपल्या वाचकांच्या अधिक परिचयाचा असेल. हिजरी १६९, म्हणजे इ.स. ७८६ मध्ये मक्केजवळ फख्ख येथे अब्बासी फौजेने अलवींचे बंड चिरडले. त्यातून वाचलेले, हजरत हसन यांचे पणतू इद्रिस बिन अब्दुल्लाह आपला विश्वासू सेवक राशिद याच्यासह पश्चिमेकडे निघाले आणि थेट इथे पोचले. गावाचे नाव तोवर वलीला झाले होते; वोलुबिलिसचेच ते रूप. अवरबा या अमाझिग कबिल्याचा प्रमुख इसहाक याने परक्या मुलखातून आलेल्या या निर्वासिताला आसरा दिला, आणि हिजरी १७२ मध्ये कबिल्याने त्यांच्या हातावर बैअत केली. मोरोक्कोच्या एका स्वतंत्र मुस्लिम राजघराण्याची सुरुवात इथून झाली. त्या घराण्याच्या दिरहमांवर टांकसाळीचे नाव आहे वलीला. शेजारच्या झरहून डोंगरावर इद्रिस यांची कबर आहे.

बाकुआतेसच्या प्रमुखाशी रोमन सुभेदार जिथे बोलणी करत असे, त्याच गावात पाचशे वर्षांनी एका कबिल्याने एका अरब मुसाफिराशी बोलणी केली. त्या वेळीही राज्य उभे राहिले ते कबिल्याच्या संमतीवर. पुढे इब्न खल्दूनने याच मुलखातल्या कबिल्यांचा इतिहास लिहिताना, त्यांच्या परस्परबंधातून राज्ये कशी उगवतात आणि तो बंध सुटला की कशी मावळतात, याचे शास्त्र मांडले. त्याच्या डोळ्यांसमोर हेच डोंगर होते.

राहता राहिला तो काशाचा पत्रा. सम्राटाची मूळ नोंदवही, जिच्यात ऑगस्टसपासूनच्या नव्या नागरिकांची नावे होती, ती नष्ट झाली. रोमच्या त्या दप्तरातले एक पानही आज उरलेले नाही. उरली ती सीमेवरच्या गावात कोणीतरी मुद्दाम काशावर कोरवून घेतलेली नक्कल. त्या नकलेत साक्षीदार बड्या मंडळींची नावे आहेत, आणि त्यांच्या वर झिद्दिना आहे, बावीस वर्षांची फाग्गुरा आहे, दोन वर्षांचा दिओगेनियानुस आहे. त्यांच्या कबिल्याचे नावही तिथेच आहे, त्यांच्या नावाला जोडलेले.